लदीन पुरी होईपर्यंत

कातरीनला विहिरीवर दोन कामे असत. खालून भरून आलेली दगडाची पाटी कडेला ओढून रिकामी करायची, हे एक. आणि सुरुंग चुकला की प्रार्थना म्हणायची, हे दुसरे. पहिल्याची मजुरी मिळे, दुसऱ्याची नाही. पण टोळीतल्या कोणालाही विचारले असते तरी त्याने दुसरेच काम जड म्हणून सांगितले असते.

टोळी लहान होती. कातरीनचा नवरा सांतान हा सुरुंगवाला. खडकात पहारीने भोके पाडायची, दारू ठासायची आणि वाती पेटवायच्या, हे त्याच्याकडे; टोळी त्याला मिस्त्री म्हणे. रहाटावर भिका आणि झिपरू. भिका बोईसरजवळचाच, तोंड सतत चालू. झिपरू डोंगराकडच्या पाड्यावरचा. तो दिवसात चार शब्द बोलला तर पुष्कळ. भिकाची बायको साखरबाई दगड वाहून ढिगावर टाकी. ख्रिस्ती म्हणाल तर सांतान आणि कातरीन दोघेच. दोघेही वसईकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचे काम निघाले, त्यामागोमाग बोईसरच्या माळावर दुकाने आली, खोल्यांच्या रांगा उठल्या. जिथे खोल्या तिथे विहीर लागणारच. म्हणून सांतानने इकडे बिऱ्हाड आणले होते.

विहिरीच्या तळाशी सुरुंग पेटवणे हे दिसते तसे धाडसाचे काम नाही, शिस्तीचे आहे. सगळ्या वाती एका दमात पेटवायच्या, दोराच्या फासात पाय घालायचा, हाळी द्यायची. वरच्यांनी रहाट फिरवून माणूस बाहेर काढायचा आणि सगळ्यांनी लांब आडोशाला जाऊन बार मोजायचे. जितके सुरुंग तितके बार झाले तर ठीक. एक कमी झाला तर तळाशी एक सुरुंग जिवंत आहे. त्याची वात विझली असेल, नाहीतर ओल खाऊन रेंगाळत असेल. वरून कळायला मार्ग नाही. थांबायचे, एवढेच हातात असते.

सांतानच्या घरात थांबण्याचे माप लदीन हे होते. लदीन म्हणजे संतांची नावे एकामागून एक घेत म्हणायची लांब विनवणी. नाव एकाने घ्यायचे, बाकीच्यांनी 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचे. सगळी लॅटिनमध्ये. वसईच्या वाडीतल्या बायकांना ती तोंडपाठ असे, अर्थ कोणाला ठाऊक नसे.

हे माप कातरीनच्या सासूने घालून दिले होते. सासराही सुरुंगवाला. एकदा बार चुकला आणि तो कंटाळून लवकर उतरला. वर आला तो पाटीतून आला. त्यानंतर मुलगा त्याच धंद्यात गेला तेव्हा सासूने त्याला अडवले नाही. सुनेला मात्र जवळ बसवून सांगितले, "बार चुकला की पुरी लदीन. एकही नाव गाळायचं नाय. आपण संताला सांगायचं, संत देवाकडं जाणार, आपली गोष्ट मांडणार, मग देव ऐकणार. त्याला येळ लागतो. तो येळ आपण द्यायचा."

कातरीनने तो वेळ कधी कमी दिला नव्हता. सांतानचाही तिच्यावर असा भरवसा की लदीन सुरू झाली की तो तोंडावर फडके टाकून आडवा होई. संपली का, किती राहिली, हे त्याने कधी विचारले नाही. तिचे 'आमेन' कानावर पडले की उठे, फासात पाय घाली आणि उतरे. आमेन कधी म्हणायचे हे सर्वस्वी तिच्या हातात होते.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ही टोळी भगवंतशेठच्या चाळीसाठी विहीर खोदत होती. भगवंत इथलाच जमीनवाला. कामावरच्या मजुरांना भाड्याने द्यायला त्याने खोल्यांची रांग उभी केली होती. भिंती चढल्या होत्या, पण गिलाव्याला पाणी नव्हते. बैलगाडीवरून पिंपे येत, ती दुपारीच संपत. गवंडी बसून राहत आणि भगवंत विहिरीवर येऊन उभा राही. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली होती. तारापूरच्या कामावर आलेल्या ख्रिस्ती मजुरांसाठी महिन्यातून एकदा पाद्री येत आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होई. ती आता मराठीत होऊ लागली होती. विनवणीही त्यांनी मराठीत शिकवली. कातरीन दोन रविवार ती ऐकून आली आणि तिसऱ्या खेपेला तिला पाठ झाली. आयुष्यभर म्हटलेल्या शब्दांचा अर्थ तिला पहिल्यांदा कळला. घरी चूल पेटवतानाही ती पुटपुटे.

एका दुपारी भाकऱ्या सोडून बसले असताना तिने ती टोळीला शिकवायला घेतली.

"मी नाव घेते. तुमी म्हणायचं, 'आमच्यासाठी विनंती कर'."

भिकाचा घास हातातच राहिला. "म्हंजे इतके दिस आमी हेच म्हणत व्हतो?"

"हेच."

"मला वाटलं, ओरा म्हंजे ओढा. दोर ओढा म्हणते बाय."

"मंग मागच्या खेपेला दोर सोडून बिडी वडत कशाला बसलावता?" साखरबाई म्हणाली. झिपरूसुद्धा हसला.

"तू गप. तुला काय वाटलं व्हतं?"

"मला वाटलं, कातरीनबाय त्या संतांना शिव्या घालते. काय रागानं म्हणते ती!"

भिकाला मात्र अर्थ कळल्यावर वेगळीच शंका आली. "पण बाय, देवाकडं जायला वशिला लागतो व्हय? आमी आपलं सरळ सांगतो."

"तुला या कामावर कोणी लावलं?"

"झिपरूनं. त्यानं मिस्त्रीला सांगितलं."

"सरळ का नाय आलास?"

भिका घास चावू लागला. चावून झाल्यावर म्हणाला, "आणि तो शेवटला कोण, गोन्सालो का कोण? त्याचं नाव तू वाकून घेतेस."

"तो आपल्या वसईचा. समुद्रापार जपानात गेला. तिथं त्याला क्रुसावर मारला."

"घ्या! स्वताला वाचवता आलं नाय, तो मिस्त्रीला काय वाचवणार?"

"तो वाचायला गेलाच नव्हता," कातरीन म्हणाली. "आणि बाकीचे संत परमुलखातले. त्यांच्याशी लॅटिन बोलावं लागत असेल. याला आपली बोली येते. याच्याशी कशाला परकी भाषा?"

हे तिचे म्हणणे सगळ्यांना पटले. सांतान पाणी पिऊन हात पुसत होता. "नवी म्हण का जुनी म्हण," तो म्हणाला. "तू म्हणशील ती."

त्यानंतरच्या आठवड्यात सुरुंग चुकला.

विहीर तेव्हा पाच पुरुष खोल गेली होती आणि खडक काळा, एकसंध लागला होता. सांतानने सकाळभर बसून सात भोके पाडली होती. अशा खडकात भोक पाडायचे म्हणजे पहार उचलून आपटायची, चतकोर फिरवायची, पुन्हा उचलायची. दगडाला घाई दाखवली तर पहारीची धार जाते आणि खांदा भरून येतो. त्याने घाई केली नव्हती. दारू नीट ठासली होती, वाती तपासल्या होत्या. त्याच्याकडून काही चुकले नव्हते, तरी बार सहाच झाले.

सगळे दगडांच्या ढिगाआड बसले होते. धूर विहिरीच्या तोंडातून सरळ वर गेला, मग वाऱ्याने मोडला.

"सहा," सांतान म्हणाला.

"सहाच," भिका म्हणाला.

भगवंत त्यांच्याबरोबर ढिगाआड होता. "मोजण्यात चूक झाली असेल. दोन एकदम उडाले असतील."

सांतानने डोक्याचे फडके सोडले, तोंडावर टाकले आणि आडवा झाला. कातरीनने क्रुसाची खूण केली.

तिने मराठी विनवणी सुरू केली. ठरवून केली असे नाही. ती तिच्या ओठांवर होती, टोळीला नुकतीच शिकवलेली होती, आणि आज पहिल्यांदाच चार माणसे अर्थ समजून तिच्या नवऱ्यासाठी विनंती करणार होती. त्यात तिला मोठा आधार वाटला. ती संत पेत्राचे नाव घेई, पावलाचे घेई, आणि मागून खडा आवाज येई, 'आमच्यासाठी विनंती कर'. भिका तर हात जोडून म्हणत होता. नावे भराभर पुढे जात होती. कोणी अडखळत नव्हते. शेवटी तिने संत गोन्सालोचे नाव घेतले, मान लववली आणि आमेन म्हटले.

सांतान उठला.

तो विहिरीकडे गेला. भिका आणि झिपरूने रहाटाचे दांडे धरले. सांतानने फासात पाय घातला, एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हातात लाकडी दांडके घेतले. चुकलेल्या सुरुंगाला लोखंड लावत नाहीत. रहाट कुरकुरत उलटा फिरू लागला आणि तो दिसेनासा झाला.

साखरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. लदीन झाली की ती कातरीनला पाणी देई. तसा रिवाजच पडला होता.

"घे."

"नको."

"नको? दर खेपेला घसा सुकतो तुझा."

कातरीनने आवंढा गिळला. घसा ओला होता.

ती तशीच उभी राहिली. लदीन संपताना तिचा आवाज फाटत असे, शेवटची नावे खरखरत येत, जीभ टाळूला चिकटे. आज काहीच झाले नव्हते. भिका दमला नव्हता. झिपरूने एकदाही जांभई दिली नव्हती. मराठीत नावे थोडी होती, आणि जी होती ती झटकन उच्चारली जात होती. आपण एकही नाव गाळले नाही असे तिला वाटत होते, आणि सासूने दिलेले निम्मे मापसुद्धा भरले नव्हते.

ती विहिरीच्या कडेला धावली आणि पोटावर पडून आत ओरडली.

"वर या!"

आतून सांतानचा आवाज घुमत आला. "काय झालं?"

"वर या आधी!"

"आलोय तर बघून घेतो. धूर हाय अजून, नीट दिसत नाय."

"कातरीनबाई, त्याला काम करू द्या," मागून भगवंत म्हणाला. "उतरलाच आहे तो."

तिने मागे पाहिले नाही. नवऱ्याला समजावायला, प्रार्थना कोणती होती, किती लांबीची होती हे सांगायला सवड नव्हती. तिला एकच वाक्य सुचले.

"अवो, लदीन पुरी नाय झाली!"

खालून दांडके टाकल्याचा आवाज आला आणि दोराला हिसका बसला. सांतानने फासात पाय घातला होता.

"ओढा!"

भिका आणि झिपरू दांड्यांवर वाकले. रहाट फिरवणे हे हाताचे काम नव्हे. पाय रोवून पाठीने ओढायचे असते, आणि दोघांचा दम एकाच वेळी लागावा लागतो. आज भिकाने घाई केली. त्याचा दांडा आधी खाली आला, झिपरूचा मागे राहिला, दोर तिरका गुंडाळला गेला आणि आपल्याच वेढ्यावर चढून अडकला. रहाट थांबला. सांतान विहिरीच्या मध्यावर लोंबकळत राहिला, खाली सातवा सुरुंग.

"अडकला!" भिका ओरडला. "आयला, अडकला!"

"उलटा फिरव थोडा," झिपरू म्हणाला.

"उलटा फिरवला तर तो खाली जाईल ना!"

झिपरूचे बरोबर होते. वेढा सोडवायचा तर दोर आधी सैल पडायला हवा, आणि दोर सैल पडायचा तर सांतानचे वजन दुसऱ्या कोणीतरी पेलायला हवे. कातरीनने विहिरीच्या तोंडाशी दोन्ही हातांनी दोर धरला, टाचा दगडात रोवल्या आणि मागे कलली. साखरबाईने तिला कमरेत मिठी घातली. दोर तळहातातून बोटभर घसरला, कातडे घेऊन गेला, आणि थांबला.

"सोडव!"

झिपरूने वेढ्यात बोटे घातली. कातरीनच्या तोंडून त्या वेळी कोणतीच प्रार्थना निघाली नाही. जुनी नाही, नवी नाही. एकच नाव पुन्हा पुन्हा येत होते, गोन्साल, गोन्साल, अंगणात कोणाला हाक मारावी तसे. विनंती कर एवढे म्हणायलाही श्वास पुरत नव्हता.

वेढा सुटला. दोघांनी पुन्हा दांडे धरले, आणि या वेळी झिपरू मोठ्याने हं म्हणे आणि भिका त्यावर दम लावी. आधी सांतानचे डोके दिसले, मग खांदे. भिकाने रहाट सोडून त्याला बगलेत धरले आणि सगळे एकमेकांना ओढत ढिगाआड जाऊन पडले.

काही झाले नाही.

माळावर ऊन होते. लांब रस्त्यावरून तारापूरकडे एक ट्रक गेला. विहीर गप्प होती.

भगवंतने धोतराची धूळ झटकली. "झालं? आता सांगाल का, काय झालं ते? चांगला उतरलेला माणूस वर काढला. दोर तुटला असता म्हणजे?"

"मी छोटी म्हटली," कातरीन सांतानला म्हणाली. "मराठीतली. ती लवकर संपते. माझ्या ध्यानात नाय आलं."

सांतानने तिच्या तळहातांकडे पाहिले. तो रागावेल असे तिला वाटले होते. त्याने डोक्याचे फडके सोडले आणि तोंडावर टाकले. "मंग आता मोठी म्हण," तो फडक्याआडून म्हणाला.

तिने पहिल्यापासून लॅटिन लदीन सुरू केली. सांक्ते मिकाएल, सांक्ते गाब्रिएल. भिकाने मागे 'ओरा पोरनोबी' लावले, तो नेहमी म्हणे तसेच. झिपरू ओठ हलवत होता. भगवंत थोडा वेळ उभा राहिला, मग सावलीत बसला.

ही लदीन म्हणताना कातरीनला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर चुकलेल्या सुरुंगानंतर ती निःशंक म्हणत असे. माप सासूचे होते, मागणे संताकडे होते, तिने फक्त आवाज द्यायचा होता. आता माप एकदा तिच्या हातून कमी पडले होते. संताने तेवढ्यात देवाकडे गोष्ट नेली होती का? अर्ध्या वाटेवर होता का? की तिने आमेन म्हटले आणि तो परत फिरला? एकेका नावाला ती कान विहिरीकडे लावी. बार झाला असता तर तिची सुटका झाली असती. नावे पुढे चालली होती. सांक्ते लाउरेंती. सांक्ता आगाता. सांक्ता कातारीना, हे तिचे स्वतःचे नाव. आवाज फाटू लागला, जीभ जड झाली. भिकाच्या 'पोरनोबी'तला जोर गेला. विहिरीतून काहीच येत नव्हते.

ती शेवटच्या नावाशी आली. सांक्ते गोन्सालो. ओरा पोरनोबी.

आता आमेन राहिले होते. ते म्हटले की सांतान उठणार. बार झालेला नव्हता. सातवा सुरुंग होता तिथेच होता, आणि पुऱ्या लदीनीनंतर माणसाने उतरायचे हाच नियम होता. तिने पुन्हा म्हटले, "सांक्ते गोन्सालो."

भिकाने उत्तर दिले.

"सांक्ते गोन्सालो."

"कातरीन," फडक्याआडून आवाज आला. "तिसऱ्यांदा घेतेस."

"घेऊ दे."

"त्याला ऐकू गेलं असेल."

"तुमाला काय माहीत?"

"मला नाय माहीत. तुला माहीत हाय." सांतानने फडके काढले नाही. "तू म्हणतेस तवर मी पडून राहतो. संध्याकाळ झाली तरी राहतो. पण उद्या पण तो सुरुंग तिथंच असणार, आणि उद्या पण मीच उतरणार. आज विनंती केलीस ती उद्या शिळी व्हणार का?"

साखरबाई तांब्या घेऊन उभी होती, तिने तो पुढे केला नाही. कातरीनने विहिरीकडे पाहिले. लहानपणापासून तिने हजारदा हे नाव घेतले असेल, आणि प्रत्येक वेळी पुढचे काय होईल ते आपल्याला ठाऊक असल्यासारखे घेतले होते. आज ठाऊक नव्हते. विनंती नेणाऱ्या संतावर सोडायचे म्हणजे काय, ते तिला आता नीट दिसत होते, आणि ते सोपे नव्हते.

"आमेन," ती म्हणाली.

सांतान उठला.

या खेपेला दोराचे टोक रहाटावर होते तरी तिने कडेला उभे राहून तो सोललेल्या हातांतून हळूहळू सोडला. दोराची थरथर तिला कळत होती. थरथर थांबली, तो तळाला टेकला. तिने हात काढला नाही.

"पाण्याची बादली सोडू?" भिकाने विचारले. चुकलेल्या सुरुंगात आधी पाणी ओततात, मग ठासलेली माती दांडक्याने उकरतात.

"नको."

"नको कशाला? कोरडाच उकरणार का?"

"खाली पाणी हाय," सांतान म्हणाला.

भगवंत उडी मारून उठला. "पाणी? किती? झरा आहे का?"

"फटीतून येतंय. भोकात गेलंय."

भगवंत कडेवर वाकून आणखी विचारू लागला. गोडे आहे का, जोर किती आहे. साखरबाईने देवाचे नाव घेतले. कातरीन म्हणाली, "शेठ, बाजूला व्हा," आणि त्याला हाताने मागे सारले. "त्याला उकरू द्या. दारू अजून खालीच हाय."

सांतान उकरत होता. ओल्या मातीत दांडके घासल्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. दोर तिच्या हातात निपचित होता. झिपरू आणि भिका दांडे धरून वाकलेले, हाळीची वाट बघत. त्या वेळात कोणी प्रार्थना म्हटली नाही. कातरीनला वाटले, आता बोलायची पाळी आपली नाही.

हाळी आली. त्यांनी ओढले, सावकाश, दम जुळवून.

वर आल्यावर सांतानने भगवंतशी बोलण्याआधी खिशातून वातीचा तुकडा काढून बायकोच्या पुढे धरला. वात जळत भोकाच्या आत गेली होती. दारूपर्यंत पोचायला बोटाच्या पेराएवढी राहिली होती. तेवढा तुकडा पाण्याने फुगला होता.

भिकाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "मिस्त्री, पयल्यांदा उतरलात तवा ही इझलेली व्हती का जळत व्हती?"

"धूर होता. दिसलं नाय."

"म्हंजे कळायचं नाय."

"नाय कळायचं."

भिका कातरीनकडे वळला. तिने काहीतरी सांगावे असे त्याला वाटत होते. संताने पाणी पाठवले म्हणावे, किंवा घशाने आपल्याला जागे केले म्हणावे. साखरबाईने तांब्या पुढे केला. कातरीन सगळा तांब्या घटाघटा प्यायली, दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळले आणि ढिगावर बसली. तिने एवढेच विचारले, "उद्या किती भोकं?"

दुसऱ्या दिवशी भोके पाडण्याआधी तिने सांतानला वातीचा एक वीतभर तुकडा मागितला.

"कशाला?"

"भिजवून पेटवा. इथं, वर. मला बघायचं हाय, रेंगाळली तर किती रेंगाळते."

सांतानने तुकडा ओल्या मातीत घोळवून सपाट दगडावर ठेवला आणि पेटवला. सगळे भोवती उकिडवे बसले. कातरीनने मराठी विनवणी सुरू केली, तीच, अर्थ कळणारी; ती टाकून द्यायची तिची तयारी नव्हती. टोळीने उत्तरे दिली. विनवणी संपली तेव्हा वात जेमतेम निम्मी जळली होती. भिकाच्या तोंडचे पाणी पळाले. कोणी काही बोलायच्या आत कातरीनने लॅटिन धरली.

"दोन्ही म्हणणार?" साखरबाईने हळूच विचारले.

कातरीनने मान डोलावली आणि नावे घेत राहिली.

"कमी पडली तर आमची म्हालक्षुमी घालू का मदी?" भिका म्हणाला. "ती जवळच हाय. डाणूकडं. तिला जपानाहून यायला नको."

"मनात घे," कातरीन दोन नावांच्या मधल्या श्वासात म्हणाली. "आणि वातीवर डोळा ठेव."

वात फुरफुरली, थांबली, पुन्हा धुमसली. लदीन निम्म्याच्या पुढे गेली तेव्हा धूर बारीक झाला आणि बंद पडला. भिकाने वाकून बोट लावले.

"इझली. थंडगार. थांब आता, बाय. झालं."

कातरीन थांबली नाही.

"इझली म्हणतो ना!"

"ऐकलं. अजून नावं हायत," ती म्हणाली, आणि पुढचे नाव घेतले.